नाशिकमध्ये दुकानाचा फलक लावताना: परवानगी, शुल्क आणि प्रत्यक्ष काम

नाशिकमध्ये नवे दुकान, दवाखाना, क्लास किंवा कचेरी सुरू करणाऱ्या माणसाकडे गाळ्याचे भाडे, फर्निचर आणि उद्घाटनाचा मुहूर्त यांचा हिशेब पक्का असतो. फलकाचा विचार मात्र बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होतो. अंबडच्या माझ्या छोट्या कार्यशाळेत मुहूर्त चार दिवसांवर आलेले ग्राहक येतात, मोबाईलवर एखाद्या फलकाचे छायाचित्र दाखवतात आणि ‘अगदी असाच हवा’ म्हणून सांगतात. सुरुवातीच्या काळात मीही लगेच माप घेऊन लोखंड कापायला सुरुवात करीत असे. गंगापूर रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानासाठी मी असाच एक गोल, दोन्ही बाजूंनी उजळणारा फलक बनवला आणि तो भिंतीपासून काटकोनात, थेट फूटपाथवर आला. महिनाभरातच अतिक्रमणाच्या कारवाईत तो उतरवला गेला. फ्रेम वाकली, अक्रेलिक फुटले आणि दुकानदाराचे पैसे पाण्यात गेले. परवानगीचे विचारायला हवे, हे त्यांना माहीत नव्हते; मला माहीत असायला हवे होते. तेव्हापासून काही प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय मी काम हाती घेत नाही. ते प्रश्न ज्या क्रमाने विचारावेत, त्याच क्रमाने पुढे मांडले आहेत.

पहिली पायरी: जागा कोणाच्या हद्दीत आहे

नाशिक महानगरपालिकेचे कामकाज नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर या सहा विभागांतून चालते. आपला गाळा ज्या विभागात आहे त्याच विभागीय कार्यालयात पहिली चौकशी करावी. मुख्यालय शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात आहे. बोलीभाषेत ज्याला आपण ‘नाशिक’ म्हणतो तो सगळा भाग मात्र महापालिकेचा नाही. देवळाली कॅम्पचा भाग छावणी परिषदेकडे आहे, भगूर आणि त्र्यंबकेश्वर यांच्या स्वतंत्र नगरपालिका आहेत. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील भूखंडावर फलकासाठी स्वतंत्र खांब उभारायचा असेल, तर औद्योगिक विकास महामंडळाकडेही विचारणा करावी लागते. मुंबई-आग्रा महामार्ग किंवा पुणे महामार्गालगतच्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: दुकानासमोरची मोकळी पट्टी अनेकदा महामार्गाच्या हद्दीतली असते. तिथे खांब रोवण्याची परवानगी ना घरमालक देऊ शकतो, ना महापालिका. पांडवलेण्यांच्या परिसरात संरक्षित स्मारकाचे नियम लागू होतात. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते नियंत्रित आहे; त्यामुळे तिथे पाया खणून काही उभे करण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व विभागाचे मत घ्यावे.

दुसरी पायरी: आपला फलक कायद्याच्या कोणत्या घरात बसतो

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण परवानगी लागणार की नाही आणि शुल्क भरावे लागणार की नाही, हे इथेच ठरते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २४४ आकाशचिन्हांविषयी, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांविषयी आहे आणि कलम २४५ जाहिरातींविषयी. त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २०२२ मध्ये आकाशचिन्हे व जाहिरातींच्या प्रदर्शनाचे विनियमन व नियंत्रण करणारे नियम केले आहेत. कलमांची भाषा अवघड वाटली, तरी दुकानदाराला लागणारा भाग तीन प्रश्नांत मावतो.

फलकावरचा मजकूर त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाचा आहे का, हा पहिला प्रश्न. कलम २४५ नुसार कोणत्याही जमिनीवर, इमारतीवर किंवा भिंतीवर जाहिरात लावण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मात्र ज्या जागेत व्यवसाय चालतो त्याच जागेवर त्या व्यवसायाविषयी लावलेल्या जाहिरातीला आणि खिडकीच्या आतून दाखवलेल्या जाहिरातीला, ती प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्हही नसेल तर, कलमाने सूट दिली आहे. मेन रोडवरच्या कापड दुकानाने शटरच्या वर स्वतःच्या नावाची साधी, विनादिव्याची पाटी लावली तर ती या सवलतीत येते. त्याच दुकानाने आपली पाटी रविवार कारंजावरच्या दुसऱ्याच्या भिंतीवर लावली तर ती सरळ जाहिरात होते. शीतपेयाची किंवा मोबाईल कंपनी फुकट फलक करून देते आणि त्यावर दुकानाचे नाव कोपऱ्यात बारीक, तर उरलेल्या मोठ्या भागात कंपनीचे चिन्ह असते, असे आपण पुष्कळदा पाहतो. अशा फलकाला दुकानाची पाटी म्हणायचे की कंपनीची जाहिरात, हा वाद कार्यालयात उपस्थित होऊ शकतो, आणि मग शुल्काची मागणी कंपनीच्या नव्हे, दुकानदाराच्या दारात येते. फुकटचा फलक घेण्यापूर्वी शुल्क कोण भरणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

फलक प्रकाशित आहे का, हा दुसरा प्रश्न. वरची सवलत दिवे लागताच संपते. ग्लो साईन, मागून उजळणारी अक्रेलिक अक्षरे आणि सरकत्या अक्षरांची एलईडी पट्टी हे सगळे प्रकाशित फलकच आहेत, आणि त्यांना स्वतःच्या दुकानावरसुद्धा परवानगी लागते. नवख्या व्यावसायिकाची सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण ‘माझ्याच दुकानाची पाटी आहे, तिला परवानगी कशाला’ हा समज साध्या पाटीपुरता बरोबर असतो आणि बाजारात आज साधी पाटी जवळजवळ कोणीच बनवून घेत नाही.

फलक आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो का, हा तिसरा प्रश्न. इमारतीच्या गच्चीवर सांगाडा उभारून लावलेला आणि रस्त्यावरून पाहताना मागे आकाश दिसेल असा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्याची परवानगी किंवा नूतनीकरण एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी देता येत नाही. शिवाय परवानगीशिवाय त्यात भर घातली, बदल केला, त्याचा एखादा भाग कोसळला, किंवा फलकाला धक्का लागेल असे काम इमारतीत झाले, तर मिळालेली परवानगीही रद्दबातल ठरते. नव्या दुकानदाराने गच्चीवरच्या फलकाच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदपत्रे वाढतात, लोखंड वाढते, जबाबदारी वाढते, आणि कॉलेज रोडसारख्या रस्त्यावर चालणाऱ्या ग्राहकाची नजर तिसऱ्या मजल्याच्या वर जातही नाही.

तिसरी पायरी: भिंत कोणाची

गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरारात फलकाच्या जागेचा उल्लेख करून घ्यावा: दर्शनी भागाची रुंदी किती, उंची कुठपर्यंत आणि गाळा सोडताना फलक कोण उतरवणार. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या किंवा अपार्टमेंटच्या इमारतीत बाहेरची भिंत सामाईक असते, म्हणून गाळामालकाच्या संमतीबरोबर संस्थेचे ना हरकत पत्रही घ्यावे. इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामधील मोकळ्या जागेत, खांब रोवू नये. आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी तिथूनच आत येते. फूटपाथवर स्टँडी ठेवणे, विजेच्या खांबाला पाटी बांधणे आणि झाडाला खिळे ठोकणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. रस्त्यात उभारलेल्या किंवा ठेवलेल्या वस्तू नोटीस न देता हटवण्याचा अधिकार आयुक्तांना अधिनियमाच्या कलम २३१ ने दिलेला आहे. नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक भिंतीवर रंगवणे अथवा भित्तिपत्रक चिकटवणे यासाठी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यान्वये तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चौथी पायरी: फलकावर काय लिहायचे

दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये कलम ३६-क घालण्यात आले. त्यानुसार कामगार कितीही असोत, एकही नसला तरी, प्रत्येक आस्थापनेचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. अन्य भाषेतील नाव त्यासोबत लिहिता येते. मात्र मराठी नाव आधी यावे आणि त्याची अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मद्यविक्री होते किंवा मद्य दिले जाते अशा ठिकाणांना थोर व्यक्तींची वा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, तीही कधीच संपली आहे. उल्लंघनाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला दोन हजार रुपयांपर्यंत जादा दंडाची तरतूद आहे. एकूण दंडाला प्रत्येक कामगारामागे दोन हजार रुपयांची मर्यादा घातलेली आहे.

अक्षरांच्या आकाराबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण चूक इथे संगणकावर होते आणि लक्षात येते ती फलक भिंतीवर चढल्यावर. रोमन मोठी अक्षरे दिलेली उंची वरपासून खालपर्यंत पूर्ण भरून काढतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांना जागा लागते, खाली उकार येतात, आणि अक्षराचे मुख्य अंग उरलेल्या मधल्या पट्ट्यात बसते. त्यामुळे संगणकावर दोन्ही ओळींना एकच माप दिले तरी भिंतीवर मराठी ओळ बारीक दिसते. माप नेहमी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावे, आणि ते दुसऱ्या भाषेच्या अक्षराच्या पूर्ण उंचीइतके किंवा थोडे अधिक ठेवावे. मुद्रणाला फाईल देताना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या रेखाकृती, करून द्यावेत, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलतो, ‘ज्वेलर्स’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘स्वीट्स’चे ‘स्विटस्’ होते. नमुना मोबाईलच्या पडद्यावर मान्य करू नये. कागदावर छापून, घरातल्या मराठी नीट जाणणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्यावा आणि त्यावर सही करून द्यावी.

वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी जागी लावावे लागते आणि नोंदणी क्रमांक प्रवेशद्वारावरील नावाच्या फलकावर लिहावा लागतो. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेखाली कर भरणाऱ्या दुकानदाराने तसा उल्लेखही फलकावर करणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थांच्या व्यवसायात अन्न परवाना दर्शनी भागात लावावा लागतो. हे क्रमांक अगदी शेवटी आठवतात आणि मग फलकावर स्टिकर चिकटवावे लागते, जे पहिल्याच पावसाळ्यात निघून जाते. म्हणून आराखड्यातच तळाला एक पट्टी राखून ठेवावी.

पाचवी पायरी: अर्ज, फाईल आणि शुल्क

फाईलमध्ये दुकान नोंदणीची प्रत किंवा सूचनापत्राची पोचपावती, भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, मालमत्ता कर भरल्याची अलीकडची पावती, घरमालकाचे आणि संस्थेचे ना हरकत पत्र, दर्शनी भागाचे छायाचित्र आणि मापांसह आराखडा ठेवावा. आराखड्यात फलकाची रुंदी, उंची, जाडी, जमिनीपासून तळाची उंची, भिंतीपासून बाहेर येणारे अंतर आणि दिव्यांचा प्रकार लिहावा. छायाचित्रावरच फलकाची जागा लाल रेषेने आखून दाखवली तर कार्यालयात समजावून सांगण्याचा वेळ वाचतो. मोठ्या फलकासाठी किंवा स्वतंत्र सांगाड्यासाठी संरचना अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र लागते. अर्ज दिल्यावर तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्यावी. तोंडी ‘होऊन जाईल’ या उत्तरावर काम सुरू करू नये.

शुल्काविषयी एक जुना गोंधळ दूर करायला हवा. पूर्वी महापालिका जाहिरात कर घेत असत. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरातींवरील कराची नोंद वगळली गेली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. आता फलकासाठी जी रक्कम घेतली जाते ती परवानगीचे शुल्क म्हणून घेतली जाते. तिचा हिशेब क्षेत्रफळ, दर आणि कालावधी यांच्या गुणाकाराने होतो. रस्ता कोणता, फलक प्रकाशित आहे की नाही आणि मजकूर स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, यांवर दर बदलू शकतो. दर वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून शेजारच्या दुकानदाराने तीन वर्षांपूर्वी भरलेल्या पावतीवर विसंबू नये आणि चालू दरपत्रक विभागीय कार्यालयात पाहून त्याची प्रत मागून घ्यावी.

दरपत्रक वाचताना दर चौरस फुटाचा आहे की चौरस मीटरचा, आणि महिन्याचा आहे की वर्षाचा, हे आधी पाहावे. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात. एकक चुकले तर अंदाज दहापटीने चुकतो. १२ फूट रुंद आणि ४ फूट उंच फलक ४८ चौरस फुटांचा, म्हणजे ४.४६ चौरस मीटरचा होतो. मोजणी फ्रेमच्या बाहेरच्या कडेपासून होईल की केवळ अक्षरांच्या भागाची, आणि दुहेरी फलकाच्या दोन्ही बाजू धरल्या जातील का, हेही विचारून घ्यावे. एसीपीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पत्र्याच्या, मोठ्या पट्टीवर लहान अक्षरे बसवण्याची सध्याची पद्धत दिसायला सुरेख आहे, परंतु पूर्ण पट्टी मोजली गेली तर तिची किंमत दरवर्षी मोजावी लागते. रक्कम भरल्यावर महापालिकेची पावती घ्यावी. ज्या पैशाची पावती मिळत नाही तो पैसा शुल्क नव्हे.

सहावी पायरी: बनवणे आणि बसवणे

परवानगी हातात आली की मगच लोखंड कापायला सांगावे. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वाऱ्यासह येतो आणि फलकाची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात होते. भारतीय मानकानुसार नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. त्या वेगाचा दाब ढोबळ हिशेबाने प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो येतो; आपल्या १२ बाय ४ च्या फलकावर तो चारशे किलोंच्या वर जातो. एवढे ओझे गिलाव्यात रुतवलेले चार स्क्रू पेलू शकत नाहीत. अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट, काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात बसवावेत. भद्रकाली, सराफ बाजार आणि पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या भिंती माती-विटांच्या आहेत. त्यांत फास्टनर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पावसात ओल धरली की हाताने उपसता येतो. अशा ठिकाणी भिंत आरपार छेदून बोल्ट घालावा आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन नट आवळावा.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा फलक कोसळून १७ माणसे मेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. दुकानाची पाटी त्या मानाने किती लहान, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पाटीच्या थेट खाली दिवसभर आपलाच ग्राहक उभा असतो, आणि वेल्डिंगचा एक सांधा गंजला तरी पाटी त्याच्या डोक्यावर येते.

दिव्यांसाठी दुकानाच्या मीटरवरून स्वतंत्र वायर आणि जादा भार आल्यास वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी घ्यावा, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा आणि लोखंडी फ्रेमला अर्थिंग द्यावे. खोक्याच्या तळाला पाणी निचऱ्याची बारीक भोके ठेवावीत. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना योग्य वीज पुरवणारा डबा, फलकाच्या आत कोंडू नये. तो शटरच्या आतल्या बाजूला, हात पोहोचेल अशा उंचीवर असला की बिघाडाच्या वेळी शिडी लावावी लागत नाही.

उद्घाटनाचे फ्लेक्स

मुहूर्ताच्या आठवड्यात चौकाचौकांत शुभेच्छांचे फ्लेक्स लावण्याची प्रथा आहे. तात्पुरत्या फ्लेक्सलाही परवानगी लागते. जागा आणि दिवस ठरवून विभागीय कार्यालयात अर्ज द्यावा, शुल्क भरावे आणि परवानगीचा क्रमांक व मुदत फ्लेक्सवरच छापून घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविषयीच्या याचिकेत ३१ जानेवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालानंतर या गोष्टीकडे अधिक कटाक्षाने पाहिले जाते. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या वर्दळीच्या चौकात सिग्नल झाकेल असा फ्लेक्स परवानगी असली तरी लावू नये. मुदत संपल्याच्या रात्री तो उतरवण्याची मजुरी फ्लेक्सवाल्याशी आधीच ठरवावी, कारण लावायला माणसे मिळतात, उतरवायला मिळत नाहीत.

फलक लागल्यानंतर

परवानगीचे पत्र, शुल्काची पावती, मंजूर आराखडा आणि फलक बसवल्यानंतरचे छायाचित्र एकाच पिशवीत ठेवून त्यांची प्रत गल्ल्याजवळ ठेवावी, म्हणजे मालक दुकानात नसताना तपासणी आली तरी नोकराला ती दाखवता येते. परवानगीची मुदत संपण्यापूर्वी दोन महिने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. दुकानाचे नाव, आकार किंवा दिवे बदलले तर तो फलक नवा समजून पुन्हा विचारणा करावी. नोटीस आली तर ती बाजूला न ठेवता मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, आपल्या परवानगीची प्रत जोडावी आणि उत्तराची पोच घ्यावी. सिंहस्थाच्या तयारीत शहरातल्या अनेक रस्त्यांची कामे निघत असल्याने, रुंदीकरणाच्या रेषेत येणाऱ्या दुकानांनी भिंतीबाहेर झुकणारे महागडे फलक सध्या करून घेऊ नयेत. भिंतीला सपाट चिकटलेली, बोल्टवर उघडता येणारी पाटी करावी. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी वेल्डरला बोलावून फ्रेमचे सांधे, बोल्ट आणि वायर तपासून घ्यावेत, आणि गंज दिसला तर तो घासून त्यावर रेड ऑक्साईडचा हात मारून घ्यावा.